कोयनानगर : कामगार वसाहतीपासून नदीकाठच्या मुक्कामापर्यंत

शनिवार-रविवार जोडून मुंबईहून कोयनेकाठी राहायला जाणाऱ्यांना कोयनानगर म्हणजे मुळातच पर्यटनाचं गाव वाटतं. प्रत्यक्षात ते धरणाच्या कामासाठी वसवलेलं गाव. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झालं तेव्हा इंजिनीअर, मिस्त्री, मजूर यांना राहायला इथे वसाहत उभी राहिली. वर्षाला सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस, त्यामुळे बांधकामाचे खरे महिने मोजकेच. 1962 मध्ये धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या पोफळीच्या वीजगृहातली वीज सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना ती मिळू लागली.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात ही वसाहत जवळजवळ जमीनदोस्त झाली. धरण टिकलं, त्याला तडे गेले. घरं मात्र टिकली नाहीत. वीज तुटल्याने इकडे मुंबईत कारखाने थांबले. धरणाचं मजबुतीकरण 1973 आणि 2006 अशा दोन टप्प्यांत झालं.

खरा गुंता जमिनीचा आहे, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत तो कधीच नसतो. इथली जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. हातात पडली ती रोख भरपाई. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचा हक्क त्या कायद्यात नव्हता. राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 मध्ये, म्हणजे धरणामागचा शिवसागर जलाशय भरून गेल्यावर. खोऱ्यातली माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. कित्येकांची मुलं मुंबईत माथाडी झाली. आता धरणासाठी घेतलेल्या जागेवर विश्रामगृह, बाग आणि पर्यटकांची सोय उभी राहिली, तर मूळ मालकाचा तिच्यावर दावा उरतो का? कायद्याचं उत्तर सरळ आहे : एकदा संपादित झाली की जमीन सरकारची, हेतू बदलला तरी. प्रकल्पग्रस्तांना हे मान्य नाही, आणि साठ वर्षं उलटूनही अनेकांचं पुनर्वसन अपुरं असताना ते मान्य व्हावं तरी कसं? सरकारी बाजू अशी की मोकळी पडलेली जागा पडीक ठेवण्यापेक्षा स्थानिकांना रोजगार मिळालेला बरा. तोही मुद्दा खोटा नाही, फक्त रोजगार म्हणजे बहुतेकदा खोल्या झाडणं आणि नाश्ता वाढणं.

पुढे निर्बंध वाढत गेले. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. सुरक्षेच्या कारणाने जलाशयात नौकाविहारही बरीच वर्षं बंद होता. आता वारं उलटं आहे : जलाशयाच्या वरच्या अंगाला, जावळीतल्या मुनावळ्यात, सरकारनेच जलक्रीडा केंद्र सुरू केलंय.