मुखबुरशीवरील झाडपाल्याचे उपचार (ग्रामीण विदर्भ)

तोंडाच्या आतल्या अस्तरावर ‘कँडिडा’ वंशाची, बहुधा ‘कँडिडा अल्बिकन्स’ ही बुरशी वाढली की त्यावर विदर्भातील खेड्यांत साल, पाने व फळे वापरून केले जाणारे घरगुती उपचार. उष्णतेचे फोड असोत, जीभ सोललेली असो की बुरशी, घरात या सगळ्याला ‘तोंड आलं’ एवढेच म्हणतात. त्यामुळे फोडांवर गुण देणारे औषध बुरशीवरही लावले जाते आणि गुण का येत नाही ते कळत नाही.

ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात थोड्या प्रमाणात असतेच. प्रतिजैविकांचा लांबलेला डोस, मधुमेह, दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणे, रात्रभर न काढलेली कवळी किंवा एचआयव्हीने खचलेली प्रतिकारशक्ती यांमुळे ती फोफावते. जिभेवर व गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर येतात. ते पुसले तर खाली लालभडक जागा दिसते, कधी रक्तही येते. बाळाच्या जिभेवरचे साधे दूध मात्र सहज पुसले जाते आणि खाली लाली नसते.

सर्वांत जास्त विश्वास धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीवर. वऱ्हाडी बोलीत ती ‘बाभूय’. जुन्या झाडाची साल कुटून, पाणी निम्मे होईपर्यंत उकळतात आणि कोमट काढ्याच्या दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करतात. तोंड आवळल्यासारखे होते ते सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. टॅनिन अस्तरावरील प्रथिनांना बांधून पातळ थर धरते, त्यामुळे आग कमी होते आणि तिखटाचा घास घेता येतो. हा आराम खरा आहे. पण प्रयोगशाळेत बुरशी रोखणारा अर्क दाट असतो आणि तासन्‌तास तिच्या संपर्कात राहतो. तोंडातला काढा लाळ काही मिनिटांत धुऊन नेते.

जंगलपट्ट्यात हिरडा-बेहड्याच्या फळांचा काढा वापरतात, गुण तुरटपणाचाच. जाईची, तोंडलीची किंवा पेरूची कोवळी पाने चावून थुंकणे हा प्रकार सगळीकडे आहे. कडुनिंबाच्या काडीने दात स्वच्छ राहतात, मात्र सोललेल्या तोंडात ती घासू नये. हळदीत वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद कुरकुमीनसाठी, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्यासाठी, नावाजलेली. पण कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हळदीच्या पाण्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत जुन्या रीतीला ठामपणे नाही म्हणावे लागते. टाकणखाराची (बोरॅक्सची) भाजून फुलवलेली लाही मधात खलून बाळाच्या जिभेला लावली जाते. टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर विषारी ठरतो आणि वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. आजीने हे मायेनेच केलेले असते, म्हणून तिला रागावण्यापेक्षा कारण समजावून सांगावे. आईच्या स्तनाग्रांनाही आग होत असेल तर दोघांवर एकाच वेळी उपचार लागतो, नाहीतर बुरशी एकमेकांकडे फिरत राहते.

क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे औषध किंवा निस्टॅटिनचे थेंब साधारण एक ते दोन आठवडे दिले जातात. काढ्याच्या गुळण्या सोबत चालू ठेवायला मोठ्या माणसांना सहसा हरकत नसते. घास गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. अशा वेळी गुळण्यांवर दिवस घालवू नयेत. कारण न सापडता पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर व एचआयव्हीची तपासणी करावी.

चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर भागांत खर्रा (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले मिश्रण) खाणाऱ्यांच्या गालात दिसणारा पांढरा चट्टा ही वेगळी गोष्ट आहे. तो पुसून निघत नाही, अनेकदा दुखतही नाही, म्हणून महिनोन्‌महिने बाभळीच्या गुळण्यांवर राहतो. असा चट्टा कर्करोगाआधीची अवस्था असू शकतो; तोंड उघडणेही कमी होत असेल तर खर्रा त्याच दिवशी सोडून दंतवैद्याला दाखवावे.