स्कॉर्म १.२ की स्कॉर्म २००४? ‘पूर्ण’ आणि ‘पास’ची गल्लत

ऑथरिंग टूलमध्ये (ऑनलाइन कोर्स बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोर्स तयार झाला की पब्लिश करताना प्रश्न येतो: स्कॉर्म १.२ की स्कॉर्म २००४? (स्कॉर्म म्हणजे कोर्स एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवून निकाल नोंदवणाऱ्या प्रणालीवर, चालावा म्हणून ठरवलेलं मानक.) त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘२००४ नवीन आहे, तेच घ्या.’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्याच्यामुळे लोक नको तिथे आठवडे घालवतात.

आधी १.२ ची थोडक्यात ओळख. ते २००१ मध्ये एडीएल या अमेरिकी संरक्षण खात्याच्या उपक्रमातून आलं. २००४सुद्धा तिथलंच. दोन्हींमध्ये झिप फाइल असते आणि मॅनिफेस्ट (कोर्समध्ये काय काय आहे ते सांगणारी फाइल) झिपच्या अगदी वरच्या पातळीवर असावा लागतो. (झिप उघडून, फोल्डरसकट पुन्हा झिप करून ‘अपलोड होत नाही’ म्हणणं कृपया थांबवा.) कोर्स एलएमएसशी ज्या फंक्शनमधून बोलतो त्यांची नावं २००४ मध्ये बदलली आहेत, पण ते टूल बघून घेतं.

खरा फरक निकालाच्या नोंदीत आहे. १.२ मध्ये ‘लेसन स्टेटस’ नावाचा एकच रकाना असतो. कम्प्लीटेड, इनकम्प्लीट, पास्ड, फेल्ड, सगळं त्यातच. एका वेळी एकच मूल्य. समजा कोर्सला ८० टक्क्यांची अट आहे. शिकणाऱ्याने सगळ्या स्लाइड पाहिल्या, पण चाचणीत ६० टक्केच मिळाले. आता रकान्यात काय लिहायचं? ‘फेल्ड’ लिहिलं तर त्याने कोर्स पूर्ण पाहिला ही माहिती गेली. ‘कम्प्लीटेड’ लिहिलं तर तो नापास झाला हे गेलं. स्टोरीलाइन (एक ऑथरिंग टूल) पब्लिश करताना ‘पास्ड/इनकम्प्लीट’, ‘कम्प्लीटेड/फेल्ड’ अशा जोड्या विचारते, ती याचसाठी. बहुतेक जण तिथे न वाचता पुढे जातात आणि ‘कोर्स संपवला तरी अपूर्ण दिसतो’ म्हणून एलएमएसवाल्यांना धारेवर धरतात. ‘पास्ड/इनकम्प्लीट’ निवडलं असेल, तर नापास माणूस अपूर्णच दिसणार. त्यात एलएमएसचा काही दोष नाही.

भर म्हणजे १.२ च्या मॅनिफेस्टमध्ये ‘मास्टरी स्कोअर’ (पास होण्यासाठी लागणारे गुण) दिलेला असेल, तर कोर्स बंद होताना एलएमएस स्वतः गुण ताडून पास-नापास ठरवू शकतं. मग तुमच्या कोर्सने ‘कम्प्लीटेड’ पाठवलं, तरी अहवालात ‘फेल्ड’ उमटतं.

२००४ मध्ये या एका रकान्याचे दोन झाले: कम्प्लीशन स्टेटस आणि सक्सेस स्टेटस. वरच्या उदाहरणातला माणूस ‘पूर्ण’ही दिसतो आणि ‘नापास’ही. गुणसुद्धा ०.६ असे प्रमाणात जातात. हजेरी आणि उत्तीर्णता वेगळी मोजायची असेल, तर २००४ घ्यायला हेच कारण पुरेसं आहे.

दुसरं कारण लांबलचक कोर्सचं. ‘जिथे सोडलं तिथून सुरू’ करण्यासाठी टूल जी नोंद ठेवतं, तिला १.२ मध्ये ४,०९६ अक्षरांची मर्यादा आहे. भरपूर प्रश्न असलेल्या कोर्सला ती पुरत नाही आणि शिकणारा परत आला की जुन्याच जागी पोहोचतो. २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मर्यादा ६४,००० झाली. दुसऱ्या आवृत्तीत मात्र ४,०००च होती, म्हणजे १.२ पेक्षाही कमी! म्हणून नुसतं ‘२००४ चालतं का’ असं विचारू नका, कोणती आवृत्ती चालते ते विचारा.

२००४ मधले सीक्वेन्सिंगचे (धडे कोणत्या क्रमाने उघडायचे याचे) गुंतागुंतीचे नियम मला कधीच आवडले नाहीत. क्रम कोर्सच्या आतच सांभाळावा.

माझं मत ठाम आहे: एकच निकाल हवा असेल आणि कोर्स छोटा असेल, तर १.२. ते जवळजवळ सगळीकडे चालतं, आणि मूडल या एलएमएसवर तर तेच घ्या, कारण तिथे २००४ ला पूर्ण आधार नाही. दोन निकाल हवे असतील, तर आधी तुमचं एलएमएस दोन्ही रकाने अहवालात दाखवतं का ते पाहा. दोन स्लाइड आणि एका प्रश्नाचं पॅकेज चढवा, मुद्दाम नापास व्हा आणि अहवाल उघडा.