बंकरच्या वाळूखाली काय दडलंय? गोल्फमधल्या एका खड्ड्याची पार्श्वभूमी

बंकर म्हणजे गोल्फ मैदानावरचा वाळूचा खड्डा. बरीच वर्षे हात न लागलेला बंकर उकरायला घेतला की फावड्याला एकेक थर लागत जातो. वर दहा-बारा सेंटिमीटर वाळू, पण तिचा खालचा भाग करडा आणि चिकट. मग कापडाच्या चिंध्या. त्याखाली खडी, पण दगडांमधल्या फटी गाळाने बुजलेल्या. तळाला छिद्रांचा प्लास्टिक पाइप, निम्म्याहून जास्त मातीने भरलेला. यातला प्रत्येक थर कुणीतरी कुठल्यातरी अडचणीवर उपाय म्हणून घातलेला असतो. ती अडचण मुळात आली कुठून हे कळले, की नूतनीकरणात पैसा कुठे घालायचा हेही कळते. कारण पहिल्या बंकरांत यातले काहीच नव्हते. वर वाळू होती आणि खालीही वाळूच होती.

वाळूतच जन्मलेला खड्डा

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांची एक पट्टी असते, तिला लिंक्स म्हणतात. वर आखूड, चिवट गवत आणि खाली खोलवर वाळू. मेंढ्या वाऱ्याच्या आडोशाला टेकाडामागे बसत, ससे बिळे करत. गवताचे पांघरूण एकदा फाटले की वारा आतली वाळू उडवून नेई आणि खळगा रुंदावत जाई. अशा सखल जागी चेंडूही घरंगळत येतात. तिथून फटके मारून मारून उरलेसुरले गवतही जाते. 'बंकर' हा शब्द स्कॉट्स बोलीतला, मूळ अर्थ पेटी किंवा बाक.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर आज ११२ बंकर आहेत आणि त्यांतल्या अनेकांना नावे आहेत. १४व्या होलवरच्या 'हेल'मधून बाहेर पडायला १९९५च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जॅक निकलॉस यांना चार फटके लागले आणि त्या होलवर त्यांचे एकूण १० फटके झाले. १७व्या होलवरचा रोड बंकर आकाराने लहान, पण भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती असल्यामुळे चेंडू आपोआप ओढला जातो. १९७८ मध्ये टॉमी नाकाजिमा यांनी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर, हळुवार मारलेला चेंडू थेट त्यात गेला आणि तो होल संपवायला त्यांना ९ फटके लागले. खेळाडूंना या खड्ड्याची धास्ती. देखभाल करणाऱ्यांच्या नजरेत मात्र दुसरीच गोष्ट भरते. इतका खोल खड्डा असूनही पाऊस थांबल्यावर त्यात पाणी फारसे टिकत नाही, सरळ खाली मुरते.

लिंक्सवर शत्रू पाणी नाही, वारा. म्हणून तिथे बंकरची भिंत जवळजवळ उभी ठेवतात आणि ती गवताच्या तुकड्यांनी रचतात. चार-पाच सेंटिमीटर जाडीचे, मुळांसकट कापलेले सॉड विटांसारखे सांधे चुकवून एकावर एक बसवायचे, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित मागे घ्यायचा आणि थर चढेल तशी पाठीमागे माती भरून ठोकत जायची. हे ठोकणे टाळले तर मागे पोकळी राहते आणि पहिल्याच हिवाळ्यात भिंत पोटातून फुगते. सर्वांत खालचा थर वाळूवर टेकवायचा नाही. वाळूच्या पातळीखाली घट्ट केलेल्या जमिनीवर त्याचा पाया हवा. एवढे करूनही भिंत साधारण तीन ते सात वर्षेच टिकते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत आधी जाते, कारण दिवसभर ऊन खाऊन तिथले गवत वाळते आणि मुळांनी धरलेली माती सुटते. म्हणून पुनर्बांधणीचे वेळापत्रक सगळ्या बंकरांना एकच लावण्यात अर्थ नसतो. अलीकडे सॉडऐवजी कृत्रिम गवताच्या पट्ट्या रचतात. त्या कितीतरी जास्त टिकतात. दिसायला जवळून थोड्या निर्जीव वाटतात, एवढेच.

चिकणमातीत उतरलेला खड्डा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फची लाट आली आणि खेळ किनारा सोडून आत शिरला. टॉम डन यांच्यासारखे आखणीकार एका दिवसात मैदान आखून देत. फेअरवेला, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, आडवा चर, त्यातून निघालेल्या मातीचा पुढे बांध आणि चरात आणून ओतलेली वाळू, असा त्यांचा ठरलेला बंकर. चिकणमातीत खणलेला चर म्हणजे तळे करण्याचीच रीत, आणि झालेही तसेच. पुढे लंडनजवळच्या हीथलँडमध्ये, म्हणजे नापीक वाळूमिश्रित माळरानात, मैदाने झाली (सनिंगडेल, १९०१) तेव्हा बंकरला पुन्हा मानवणारी जमीन मिळाली. वोकिंग मैदानाच्या चौथ्या होलवर जॉन लो आणि स्टुअर्ट पेटन यांनी ऐन फेअरवेच्या मध्यात बंकर घातले ते याच सुमारास. चुकलेल्या फटक्याला शिक्षा करणारा बंकर तिथून खेळाडूला विचार करायला लावणारा झाला. १८९८च्या रबरी गाभ्याच्या हॅस्केल चेंडूमुळे फटके लांबले होते. त्यामुळे जुने आडवे चर तसेही निरुपयोगी ठरत चालले होते.

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ हेन्री फाउन्स यांनी १९०३ मध्ये ओकमाँट हे मैदान उभारले. जमीन जड चिकणमातीची. खोल बंकर खणले तर निचरा होत नव्हता, म्हणून ते उथळ ठेवावे लागले. आता उथळ बंकरची भीती कोणाला? फाउन्स यांनी वाळू सारखी करायचे दाताळेच बदलले. जाड, रुंद दात्यांच्या जड दाताळ्याने वाळूत सुमारे ५ सेंटिमीटर खोल सऱ्या पाडायच्या, म्हणजे चेंडू सरीत बसतो आणि फटका नीट लागत नाही. ही पद्धत १९६०च्या दशकापर्यंत चालली. जमिनीच्या दोषावर देखभालीतून उत्तर शोधण्याचे याहून धडधडीत उदाहरण सापडणार नाही.

खरी मेख मात्र आखणीकार अॅलिस्टर मॅकेन्झी यांच्या पिढीने मारली, तीही नकळत. १९२६ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रॉयल मेलबर्न मैदानाची आखणी केली, तिथली जमीन वाळूची. लांबून दिसावी म्हणून वाळू बंकरच्या चढत्या भिंतीवर ओढलेली, कडा वळणावळणाच्या, ग्रीनला खेटून कापलेल्या. दिसायला देखणे आणि त्या जमिनीत टिकणारेही. पुढे हेच रूप जगभर उचलले गेले आणि जिथे पाणी मुरतच नाही अशा मातीवर बसवले गेले. जोराच्या पावसात चढावरची वाळू घसरून तळाला येते, उघड्या पडलेल्या भिंतीवरून माती धुऊन त्या वाळूत मिसळते, आणि दुसऱ्या दिवशी माणसे फावड्याने ती गढूळ वाळू पुन्हा वर चढवतात. प्रत्येक खेपेला थोडा गाळ कायमचा आत राहतो. बंकर वाळूमुळे खराब होत नाही, या वर-खाली करण्यामुळे होतो.

मागणीही बदलत गेली. १९३१ मध्ये खोलगट पात्याच्या वेजवर, म्हणजे चेंडू उंच उचलायच्या काठीवर, बंदी आली. पुढच्याच वर्षी खेळाडू जीन सॅराझेन यांनी निब्लिक या जुन्या लोखंडी काठीच्या तळाला डाख लावून तो जाड केला आणि त्या सँड वेजने प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकली. जाड तळ वाळूत रुतत नाही, घसरत पुढे जातो; त्यामुळे बंकरमधला फटका आता सरावाने जमण्यासारखा झाला. सरावाचा फटका म्हटला की सगळीकडे सारखी वाळू हवी. टीव्हीवर अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानाची पांढरीशुभ्र वाळू दिसू लागली. ती नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइनच्या फेल्डस्पार खाणींतून उपउत्पादन म्हणून निघणारी क्वार्ट्झ वाळू; ती तशीच दुसरीकडे मिळणार नाही. तरी पांढऱ्या रंगाचा हट्ट सुरू झाला, आणि त्यापायी काही ठिकाणी मऊ चुनखडीचा चुरा वापरला गेला. तो दाताळ्याखाली आणि पावसात झिजून पीठ होतो आणि निचरा बंद पाडतो.

थरावर थर

पाइप आला तो तळ्याच्या समस्येवर. आजही त्याला पर्याय नाही: तळाला मुख्य चर आणि त्याला माशाच्या काट्यासारखे फुटणारे उपचर, चार ते सहा मीटर अंतराने. १० सेंटिमीटर व्यासाचा छिद्रांचा पाइप, किमान एक टक्का उतार, शक्यतो दोन. भोवती ६ ते १० मिलिमीटरची धुतलेली खडी. वरच्या टोकाला पाणी सोडून पाइप धुता यावा असे तोंड ठेवायचे आणि त्याची जागा नकाशावर नोंदवायची. हे तोंड नसल्यामुळे चांगले पाइप उकरून फेकावे लागतात.

पण पाइप घालण्याआधी बाहेरचे पाणी अडवले पाहिजे. १०० चौरस मीटरच्या बंकरवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर पाणी. वरच्या अंगाची ३०० चौरस मीटर गवताळ जमीन त्यात उतरत असेल तर आणखी साडेसात हजार लिटरपर्यंत येऊ शकते, आणि तेही सगळे काठावरून, वेगाने. काठाच्या मागे उथळ ओहळ काढून ते वळवले तर निम्मे काम तिथेच संपते. खर्चही सर्वांत कमी. तरी अंदाजपत्रकात ही ओळ बहुधा शेवटी येते.

वाळूत माती मिसळू नये म्हणून १९८०च्या दशकापासून खाली जिओटेक्स्टाइलचे कापड घालू लागले. कापडाचे दोन रोग: काठाशी खिळे सुटून ते वर येते आणि दाताळ्यात अडकून फाटते, आणि त्याची छिद्रे बारीक गाळाने बुजली की वरची वाळू ओली राहून घसरते. याच दशकात ऑगस्टाचे सुपरिंटेंडंट असलेले बिली फुलर यांच्या नावाने 'बिली बंकर' पद्धत ओळखली जाते: सगळ्या तळावर ५ सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यावर कापड. पुढच्या सुधारित आवृत्तीत कापड गेले. खडीवरच पॉलिमर फवारून दगड एकमेकांना चिकटवतात, पाणी मात्र फटींतून जात राहते. खडी ओली किंवा धुळीची असेल तर पॉलिमर धरत नाही आणि पुढे सुटे दगड वाळूत येतात. सच्छिद्र काँक्रीटचे अस्तर हा दुसरा मार्ग. त्यातल्या काही प्रकारांत खालची ओल वर खेचली जाते, त्यामुळे चढावरची वाळू कोरडी पडून घसरत नाही. महाग दोन्ही. पण वाळू वर चढवण्याचे मनुष्यतास वर्षभर मोजून पाहिले, तर जिथे मुसळधार पाऊस पडतो तिथे हिशेब बहुतेक वेळा अस्तराच्या बाजूने लागतो. लिंक्ससारख्या जमिनीत मात्र अस्तर म्हणजे पैशांची नासाडी.

वाळू निवडताना रंग शेवटी पाहावा. बहुतांश कण ०.२५ ते १ मिलिमीटरमध्ये हवेत. गाळ आणि चिकणमाती मिळून तीन टक्क्यांच्या आत. कण कोनदार असतील तर एकमेकांत अडकतात आणि चढावर टिकतात. गोल कणांच्या वाळूत चेंडू वरून पडला की निम्मा रुततो, खेळाडू त्याला 'फ्राइड एग' म्हणतात. वाळू किती दाबाला दबते ते मोजणाऱ्या पेनिट्रोमीटरवर प्रति चौरस सेंटिमीटर १.८ किलोच्या खाली आकडा आला तर रुतण्याचा धोका मोठा, २.४च्या वर आला तर कमी. तळाला १० ते १५ सेंटिमीटर, चढावर ५ ते ८. शंभर चौरस मीटरला सरासरी १२ सेंटिमीटर धरले तर १२ घनमीटर, म्हणजे अठरा-एकोणीस टन. शिवाय वाळू दबते, तेवढी जास्त मागवावी. नवी वाळू बसायला काही महिने लागतात. त्या काळातल्या 'फार मऊ आहे' या तक्रारींवर उपाय म्हणून आणखी वाळू ओतली, तर ती अधिकच मऊ होते.

रोजची निगा दिसते तितकी साधी नसते. १९७०च्या दशकात तीनचाकी यांत्रिक दाताळे आले आणि वेळ वाचला, पण यंत्र वळताना वाळू बाहेर फेकते, कड कुरतडते आणि चढावरची वाळू तळाला ओढते. म्हणून यंत्राने फक्त मधला भाग, वरचे दोन-तीन सेंटिमीटर. काठापासून हातभर जागा हातानेच, वाळू वरच्या दिशेला ढकलत. खुणा केलेली सळई घेऊन महिन्यातून एकदा ठरावीक जागी खोली मोजायची. वाळूचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षे, पाइपचे पाच ते दहा; निचरा मंदावला की आधी वाळू तपासा, मग पाइप.

नियमांनीही भार थोडा हलका केला. २०१९ पासून बंकरमधली पाने, खडे, काटक्या फटक्याआधी उचलता येतात आणि दोन दंडाचे फटके घेऊन चेंडू बंकरबाहेर आणता येतो. २०२० मध्ये साथीमुळे जगभरच्या मैदानांवरून दाताळी हलवली गेली. खेळ काही थांबला नाही, आणि रोज रेषा आखलेली वाळू कितपत गरजेची हा प्रश्न तेव्हापासून उघडपणे विचारला जातो.

राहिली कड. प्रत्येक फटक्याबरोबर मूठभर वाळू पुढच्या काठावर उडते, गवत ती गिळते आणि वर वाढते. वर्षानुवर्षे काठ उंचावतो आणि बंकर मूळ आकारापेक्षा खोल भासू लागतो. दुसरीकडे कड कापताना दरवेळी बोटभर माती जाते आणि बंकर रुंदावतो. त्यामुळे जुना आकार परत आणायचा असेल तर नुसत्या नजरेवर भिस्त ठेवता येत नाही. जुनी हवाई छायाचित्रे मिळाली तर उत्तम. नाहीतर काठाच्या बाहेरून आत, वीतभर अंतराने लोखंडी सळई खुपसत जायचे. वर उडालेल्या वाळूत ती सहज जाते आणि मूळ जमिनीला टेकली की अडते. तिथे चर खणला की वाळू आणि माती यांच्यामध्ये कुजलेल्या गवताची काळी रेघ दिसते. ती मूळ काठाची पातळी. खुंट्या तिथे ठोकायच्या.