नंबर एकच्या पलीकडे: ब्रिटिश पॉप-सोल गायिकांच्या क्रमवारीचा वाद कुठून आला

एमी वाइनहाउसला ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर एकदाही पहिला नंबर मिळाला नाही. शादेलाही नाही. डस्टी स्प्रिंगफिल्डला तो मिळाला एकदाच, १९६६ साली. तरीही ब्रिटिश पॉप-सोल गायिकांची गाणी क्रमाने लावायला चाहते बसले की ही तीन नावं वरच्या पाचांत हटकून येतात, आणि मग भांडण जुंपतं. ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ वर की ‘बॅक टू ब्लॅक’? अडेलचं नेमकं कोणतं गाणं घ्यायचं? लिसा स्टॅन्सफिल्डला कुठे बसवायचं? या भांडणांत मी हौसेने कित्येक रात्री जागवल्या आहेत. त्यातले मुद्दे मात्र आपण शोधलेले नाहीत. ते या गाण्यांबरोबरच जन्माला आले आहेत.

गाण्यांना नंबर द्यायची रीतच ब्रिटनमध्ये फार जुनी नाही. आधी तिथे लोकप्रियता मोजायचे ती छापील स्वरलिपीच्या खपावरून, कारण घरोघरी पियानो होते. १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने रेकॉर्डच्या खपावर आधारलेला पहिला चार्ट छापला. तिथले पर्सी डिकिन्स वीसेक दुकानांना फोन लावायचे, या आठवड्यात काय खपलं ते विचारायचे आणि उत्तरांची बेरीज करून यादी लावायचे. बारा क्रमांकांच्या त्या पहिल्या यादीत बरोबरीमुळे पंधरा गाणी बसली. पुढे इतर साप्ताहिकांनीही आपापले चार्ट काढले. त्यामुळे १९६९ मध्ये सर्वमान्य चार्ट येईपर्यंत एकाच आठवड्यात एकाच गाण्याचे दोन वेगळे नंबर छापले जात. योगायोग असा, की त्याच १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पायदान, सरताज गीत, श्रोता संघांची पत्रं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना यादीचं वेड काय असतं हे वेगळं सांगायला नको.

आता गायिकांकडे येऊ. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. चर्चमधलं गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून ते पन्नाशीच्या दशकात उभं राहिलं. ब्रिटनमधल्या मुलींच्या हाती ते रेकॉर्डवरून पडलं. ग्लासगोकडच्या लुलूने १९६४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, अमेरिकेतल्या आयझली ब्रदर्सचं ‘शाउट’ घसा फोडून गायलं आणि ती रातोरात ओळखीची झाली. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या सिला ब्लॅकने ‘एनीवन हू हॅड अ हार्ट’ गायलं. बर्ट बाकराक आणि हॅल डेव्हिड यांचं हे गाणं आधी अमेरिकेत डिऑन वॉरिकने गायलं होतं. ब्रिटनमध्ये सिलाची रेकॉर्ड पहिल्या नंबरावर गेली आणि वॉरिकची मूळ रेकॉर्ड ४२ व्या नंबरावर अडकली. वॉरिकला याचा राग आला आणि तिने तो लपवला नाही. मला तो रास्त वाटतो. दोन्ही रेकॉर्ड एकामागोमाग ऐका. वॉरिक सतत बदलत्या तालावरून अशी जाते की ताल बदलला हेही कळू नये. सिला मात्र प्रत्येक चढणीला जोर लावते. मूळ थोर की नक्कल, आणि खप मोठा असला तर नकलेला मूळ म्हणायचं का, हा पहिला वाद इथेच पेटला. तो आजही विझलेला नाही.

डस्टी या वादाला पुरून उरली, कारण उसनं आपण कुणाकडून घेतलंय ते तिने कधी लपवलं नाही. मूळची मेरी ओब्रायन, १९३९ मध्ये लंडनला आयरिश वळणाच्या घरात जन्मलेली. भावाबरोबरच्या ‘द स्प्रिंगफिल्ड्स’ या लोकगीतांच्या त्रिकुटातून बाहेर पडून तिने १९६३ च्या शेवटी ‘आय ओन्ली वॉन्ट टू बी विथ यू’ काढलं. १ जानेवारी १९६४ ला बीबीसीवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा पहिला भाग झाला, त्यात ती होती. मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत तो झाला. मोटाउन या अमेरिकन सोल कंपनीच्या बहुतेक गायकांना ब्रिटनमध्ये फारसं कुणी ओळखत नव्हतं तेव्हा, १९६५ मध्ये, तिने टीव्हीवर ‘द साउंड ऑफ मोटाउन’ या खास कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं. द सुप्रीम्स, स्टीवी वंडर, मार्था अँड द व्हँडेलाज यांना लोकांच्या दिवाणखान्यात आणलं ते तिने. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९६४ मध्ये, वर्णभेदाने वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांसमोर गाणार नाही असं म्हटल्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तिला देशाबाहेर काढलं होतं. तिच्या गाण्यांचा क्रम लावताना हे धरायचं की नाही, यावर मतभेद होतील. मी धरतो. ज्यांचं गाणं घेतलं त्यांच्या बाजूने ती उभी राहिली, आणि मला ते तिच्या आवाजातही ऐकू येतं.

तिचं एकमेव नंबर एक म्हणजे ‘यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी’. मूळ गाणं इटालियन, पिनो दोनाजोचं. तिने ते सानरेमोच्या महोत्सवात ऐकलं होतं. लंडनच्या स्टुडिओत आवाजाला हवा तसा घुमारा मिळेना, म्हणून ती इमारतीच्या जिन्यात जाऊन गायली. हेडफोन लावून रेकॉर्ड ऐका. शेवटच्या चढत्या कडव्यात आवाज भिंतींवर आपटून परततो तो त्या जिन्याचा आहे.

आणि मग मेम्फिस. १९६८ मध्ये अटलांटिक कंपनीचे जेरी वेक्सलर तिला टेनेसीतल्या अमेरिकन साउंड स्टुडिओत घेऊन गेले. सोबत निर्माते अरीफ मार्दिन आणि टॉम डाउड होते. सोलची सम्राज्ञी अरीथा फ्रँकलिनच्या रेकॉर्ड ज्यांनी केल्या त्याच माणसांसमोर उभं राहून गायचं, या विचाराने डस्टी इतकी धास्तावली की तिचे अंतिम आवाज नंतर न्यू यॉर्कला ध्वनिमुद्रित करावे लागले. तिथे केलेल्या ‘डस्टी इन मेम्फिस’ या अल्बममधलं ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ आधी अरीथासाठीच सुचवलेलं होतं. डस्टीचं गाणं ब्रिटनमध्ये नवव्या आणि अमेरिकेत दहाव्या नंबरावर गेलं. अरीथाने नंतर तेच गाणं स्वतः गायलं. तिच्या गाण्यात चर्चचा उघडा, भरदार गळा आहे. डस्टी मात्र कानाशी येऊन गुपित सांगावं तशी गाते. शब्दाच्या शेवटी ती आवाज टाकत नाही, नुसता सोडून देते. आपल्याकडे अशा ठिकाणाला ‘जागा’ म्हणतात. ‘डस्टी इन मेम्फिस’ हा अख्खा अल्बम ब्रिटिश चार्टवर आलाच नाही. १९९४ मध्ये ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटात ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ वाजलं आणि नव्या पिढीला ती सापडली. आज जाणकारांच्या याद्यांत हाच अल्बम तिच्या कामात सर्वांत वर असतो.

चार्ट किती आंधळा असू शकतो याचं आणखी एक उदाहरण लुलूचं. १९६७ मध्ये अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या नंबरावर राहिलेलं तिचं ‘टू सर, विथ लव्ह’ ब्रिटनमध्ये दुसऱ्याच एका गाण्याच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. तिथे त्याला नंबरच नाही.

त्याच सुमारास उत्तर इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावांत चाहत्यांची एक वेगळी जात तयार होत होती. शनिवारी रात्रभर नाचायचं आणि अमेरिकेत न खपलेल्या, कुणाला माहीत नसलेल्या सोल रेकॉर्ड शोधून आणायच्या. ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव पत्रकार डेव्ह गॉडिनने दिलेलं. १९७३ ते १९८१ चालू असलेलं विगन कसिनो हे नाचघर या मंडळींचं पंढरपूर. दुसऱ्या डीजेला रेकॉर्डचा पत्ता लागू नये म्हणून डीजे तिच्यावरचं लेबल झाकून टाकत. इथे चार्टचा न्याय उलटा होता: रेकॉर्ड जितकी कमी खपलेली तितका तिचा मान मोठा. आजच्या वादांत कुणीतरी हमखास म्हणतं, “ते तर सगळ्यांनाच माहितेय, तिचं खरं गाणं दुसरंच आहे.” तो सूर तिथून आला आहे.

इथवरच्या गोष्टीत एक मोठी फट आहे, आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक याद्या डस्टीवरून उडी मारतात त्या थेट एमीवर. मधल्या पस्तीस-चाळीस वर्षांत ब्रिटनमध्येच वाढलेल्या कृष्णवर्णीय मुली गात होत्या. त्यांच्यासाठी सोल हा आई-वडिलांच्या घरातला, शेजारच्या चर्चमधला आवाज होता. सेंट किट्स बेटावर जन्मून बर्मिंगहॅमला वाढलेली जोन आर्मट्रेडिंग १९७६ मध्ये ‘लव्ह अँड अफेक्शन’ घेऊन पहिल्या दहांत आली. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, हातात गिटार आणि तो खोल, खर्जातला गळा. नायजेरियातल्या इबादानला जन्मलेल्या शादेचा ‘डायमंड लाइफ’ १९८४ चा. तिच्यावर ‘थंड आहे’ असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. तो मला पटत नाही. संयम आणि थंडपणा यांत फरक असतो, आणि कमी स्वरांत मावेल तेवढंच बोलणं ही मोठी कला आहे. १९८८ मध्ये लंडनच्या मिका पॅरिसने ‘माय वन टेम्प्टेशन’ दिलं. तिच्या गळ्यात सरळ गॉस्पेल होतं.

१९८९ हे साल तर वेगळंच. ‘सोल टू सोल’ या गटाच्या ‘बॅक टू लाइफ’मध्ये कॅरन व्हीलर गायली आणि ते चार आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. अल्बमवरची तिची आवृत्ती जवळपास विनासाथीची आहे. नुसता गळा, एकावर एक रचलेला. त्याच वर्षाच्या अखेरीस मँचेस्टरजवळच्या रॉचडेलकडची लिसा स्टॅन्सफिल्ड ‘ऑल अराउंड द वर्ल्ड’ने नंबर एक झाली. पुढच्या वर्षी तिने अमेरिकेच्या आर अँड बी चार्टवरही पहिली जागा मिळवली. गोऱ्या ब्रिटिश मुलीला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांनी आपलं मानलं, हा ‘खरं सोल कुणाचं’ या वादात कायम पुढे केला जाणारा पुरावा. तो जरूर द्यावा, पण कॅरन व्हीलरचं नाव घेऊन मग द्यावा.

नव्वदीत गॅब्रिएल आणि डेझरे होत्या. डेझरेच्या ‘लाइफ’ या गाण्यातल्या एका ओळीला २००७ मध्ये बीबीसीच्या ६ म्युझिकच्या श्रोत्यांनी सर्वांत वाईट ओळ ठरवलं. क्रमवारीचा हा क्रूर चेहरा; त्यापायी ‘यू गॉटा बी’सारखं सुंदर गाणं लिहिणारी बाई मागे राहते. (याच दशकातली एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या नंबरावर ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ होतं, कॉर्नरशॉप या बँडचं, आपल्या सांगलीच्या आशाताईंच्या नावाचं.)

२००६ च्या ऑक्टोबरात एमीचा ‘बॅक टू ब्लॅक’ हा अल्बम आला. निर्माता मार्क रॉनसनने त्यातली बरीच गाणी ब्रुकलिनमधल्या डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. ते वादक एरवी शॅरन जोन्सला साथ करायचे. ती एमीपेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठी कृष्णवर्णीय गायिका, आणि तिच्या वाट्याला एमीच्या प्रसिद्धीचा अंशही आला नाही. म्हणजे मूळ थोर की नक्कल, हा १९६४ चा प्रश्न पुन्हा दारात उभा. पण एमीने गाणी स्वतः लिहिली होती, स्वतःच्या जखमेतून, आणि ती ठेक्याच्या किंचित मागे रेलून गायची, जॅझमध्ये मुरलेल्या माणसासारखी. ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’ तीन मिनिटांचंही नाही. तिच्या यादीत मी ते सर्वांत वर ठेवतो. २००८ मध्ये तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले. २३ जुलै २०११ ला ती गेली, तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. त्यानंतर ‘बॅक टू ब्लॅक’ पुन्हा अल्बम चार्टच्या पहिल्या नंबरावर चढला.

तिने उघडलेल्या दारातून २००८ मध्ये वेल्सची डफी ‘मर्सी’ घेऊन आली, आणि टॉटनहॅमची अडेल आली. अडेलही एमीसारखीच क्रॉयडनच्या ब्रिट स्कूल या कलाशाळेत शिकलेली. १५ फेब्रुवारी २०११ ला ब्रिट अवॉर्ड्स या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या मंचावर अडेल उभी राहिली ती फक्त एका पियानोबरोबर. ‘समवन लाइक यू’ संपताना तिला रडू आवरेना आणि तिने पाठ फिरवली. त्या आठवड्यात गाणं ४७ व्या नंबरावरून थेट पहिल्यावर गेलं. डाउनलोड मोजले जाऊ लागल्यामुळेच हे शक्य झालं. दुकानात रेकॉर्ड ठेवलेली असायची गरज उरली नव्हती. २०१४ पासून सिंगल्स चार्टमध्ये स्ट्रीमिंगही मोजतात. म्हणजे १९६६ चा एक नंबर, २०११ चा एक नंबर आणि आजचा एक नंबर ही तीन वेगळी मापं आहेत. त्यांची तुलना करून कुणाला वर-खाली करणं मला तरी जमत नाही.

एक गाणं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. जॅनेट केचं ‘सिली गेम्स’, १९७९. कॅरिबियन घरांतल्या मुलांनी लंडनमध्ये घडवलेल्या ‘लव्हर्स रॉक’ या प्रकारातलं. खाली रेगेचा बेस, वर शिकागो आणि फिलाडेल्फियाच्या सोलचा गोडवा. कॅरन व्हीलरही याच शाळेतून आलेली. डेनिस बोव्हेलने लिहिलेलं हे गाणं दुसऱ्या नंबरावर थांबलं. त्यात जॅनेट केचा आवाज तार सप्तकाच्याही वर जाऊन एक स्वर धरतो, आणि तिच्याबरोबर गाणाऱ्या प्रत्येकीला तिथे श्वास कमी पडतो. २०२० मध्ये दिग्दर्शक स्टीव मॅक्वीनच्या ‘लव्हर्स रॉक’ या चित्रपटात घरगुती पार्टीत हे गाणं लागतं. रेकॉर्ड संपते, पण नाचणारी माणसं थांबत नाहीत. वाद्यं नाहीत, नुसते पाय आणि गळे. खोलीभर माणसं डोळे मिटून गात राहतात, आणि तो वरचा स्वर आला की एकेक मुलगी मान मागे टाकून तो गाठायला जाते. त्या गर्दीत स्वतः डेनिस बोव्हेलही उभा आहे.