व्हॅक्युम बॅगिंग आणि व्हॅक्युम इन्फ्युजन: रॉकेटच्या पंखांसाठी नेमके काय वापरावे?

कडेने चिकट सीलंट टेप लावलेली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून निघालेली नळी आणि शेजारी चालणारा पंप, एवढेच पाहिले तर छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या हाय पॉवर, म्हणजे मोठ्या शक्तीच्या, रॉकेटच्या बांधणीत वापरल्या जाणाऱ्या या दोन पद्धती सारख्याच वाटतात. नवशिके बांधणारे त्यामुळेच एकीचे साहित्य आणून दुसरीची कृती करू लागतात, आणि महागडे कार्बन फायबर वाया जाते. खरा फरक रेझिन, म्हणजे आळून कडक होणारा चिकट द्रव, कापडाला कधी भेटते यात आहे. बॅगिंगमध्ये कापड आधी रेझिनने भिजवले जाते, मग त्यावर पिशवी चढते आणि हवेचा दाब जास्तीचे रेझिन पिळून काढतो. इन्फ्युजनमध्ये कोरड्या कापडावर पिशवी बसवून आतली हवा आधी काढली जाते आणि त्यानंतर त्याच निर्वाताच्या ओढीने रेझिन आत घेतले जाते.

अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या दोन संस्थांच्या प्रमाणपत्रांवर हा छंद चालतो. १६० न्यूटन-सेकंदांहून अधिक एकूण आवेगाच्या, म्हणजे एच आणि त्यापुढच्या वर्गातल्या मोटरसाठी पहिली पातळी लागते. ५,१२० न्यूटन-सेकंदांपुढच्या एम वर्गाच्या मोटरसाठी तिसरी. या शक्तीच्या मोटरवर रॉकेट ध्वनीच्या वेगाजवळ किंवा त्यापलीकडे गेले की शेपटीचे पंख, म्हणजे फिन्स, फडफडू लागण्याचा धोका असतो आणि ही फडफड पंख मुळापासून उपटू शकते. म्हणून एका पंखाच्या टोकापासून खाली रॉकेटच्या मुख्य नळीवरून शेजारच्या पंखाच्या टोकापर्यंत कापडाचे सलग थर चढवले जातात. याला टिप-टू-टिप म्हणतात, आणि बॅगिंग की इन्फ्युजन हा प्रश्न बहुतेकांना पहिल्यांदा पडतो तो इथेच.

बॅगिंगमधल्या थरांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. भिजलेल्या कापडावर प्रथम पील प्लाय हे नायलॉनचे विणलेले कापड येते. ते इपॉक्सीला, म्हणजे इथे वापरल्या जाणाऱ्या रेझिनला, कायमचे चिकटत नाही आणि सोलून काढल्यावर पुढच्या थरासाठी खरखरीत पृष्ठभाग मागे ठेवते. त्यावर बारीक छिद्रांची रिलीज फिल्म, मग रेझिन शोषणारा आणि हवेला वाट देणारा ब्रीदर, आणि सर्वांत वर पिशवी. पंप चालू झाला की बाहेरची हवा पिशवीवर दाबते. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात साधला, तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे चौरस मीटरला दहा टनांच्या घरात जातो. वजने ठेवून किंवा शिकंजे लावून असा एकसारखा दाब वक्र पृष्ठभागावर मिळवणे जवळपास अशक्य आहे.

या दाबाचा हिशेब रॉकेटच्या वजनात दिसतो. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे काचेचे कापड हाताने भिजवले, तर त्यात साधारण तेवढेच रेझिन राहते. दाबाखाली निम्मे आकारमान काचेचे झाले, तर रेझिन ९० ग्रॅमच्या आसपास उरते. हे वाचलेले वजन शेपटीकडचे असल्यामुळे त्याचे मोल अधिक आहे: तिथला प्रत्येक जादा ग्रॅम गुरुत्वमध्य मागे ओढतो, आणि गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे निदान रॉकेटच्या नळीच्या एका व्यासाइतका असावा, हा स्थिर उड्डाणाचा रूढ नियम आहे. मात्र पंपाचा जोर आणि ब्रीदरचे शोषण दोन्ही अति झाले, तर कापड रेझिनला मुकते आणि थर कमकुवत होतो. बॅगिंगमध्ये पूर्ण निर्वाताचा हट्ट धरू नये.

इन्फ्युजनमध्ये ब्रीदरच्या जागी रेझिन पसरवणारी जाळी असते, एका बाजूने रेझिनची नळी आत येते, दुसऱ्या बाजूची नळी जादा रेझिन अडवणाऱ्या एका सापळा-भांड्यातून पंपाकडे जाते. विल्यम सीमन यांना या प्रकारच्या पद्धतीचे पेटंट १९९० मध्ये मिळाले आणि होड्यांच्या सांगाड्यांसाठी ती लोकप्रिय झाली. इथे रेझिन पातळच हवे. हाताने लावायचे लॅमिनेटिंग इपॉक्सी हजार सेंटिपॉइजच्या (द्रवाचा घट्टपणा मोजण्याचे एकक) आसपास घट्ट असते, तर इन्फ्युजनसाठी दोन-तीनशेचे वापरले जाते. घट्ट रेझिन अर्ध्या वाटेतच आळते. आत येणारे रेझिन वातावरणाच्या दाबाने शिरत असल्यामुळे प्रवेशनळीजवळ कापडावरचा निव्वळ दाब कमी असतो आणि तिथला थर किंचित जाड राहू शकतो. प्रवेशनळीला चिमटा लावल्यावर तो फरक हळूहळू कमी होतो.

गळतीच्या बाबतीत तर दोन्ही पद्धतींचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. बॅगिंगमध्ये टेपखाली बारीकशी फट राहिली आणि पंप अखंड चालू ठेवला, तर काम बहुधा निभावते. इन्फ्युजनमध्ये तीच फट भिजत चाललेल्या कापडात बुडबुड्यांची रांग सोडत जाते, आणि ते बुडबुडे कायमचे आत राहतात. पण गळती शोधायला वेळ मिळतो तो इन्फ्युजनमध्येच, कारण रेझिन अजून कालवलेलेच नसते: नळीला चिमटा लावून पंप बंद करावा, दाबमापकाचा काटा पाहावा, आणि तो स्थिर राहतो अशी खात्री होईपर्यंत हार्डनरला, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या घटकाला, हात लावू नये. बॅगिंगमध्ये हार्डनर मिसळल्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. कापड भिजवणे, थर बसवणे, टेप लावणे, सुस्कारे ऐकत फट शोधणे, सगळे त्याच अवधीत उरकायचे असते. म्हणून मंद हार्डनर घ्यावा, आणि पिशवी एकदा कोरडी बसवून पाहिल्याशिवाय सुरुवात करू नये.

पंख आणि नळी जिथे मिळतात तो कोपरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिशवीला पुरेशी सैल घडी ठेवली नाही, तर ती कोपऱ्यात न उतरता त्यावर ताणून राहते. बॅगिंगमध्ये त्या जागी दाब पोहोचत नाही आणि रेझिनचा गोळा किंवा पोकळी राहते. इन्फ्युजनमध्ये परिणाम अधिक वाईट होतो: कोपऱ्यातला मोकळा मार्ग पकडून रेझिन झपाट्याने पुढे धावते, पंपाच्या टोकाशी पोहोचते, आणि पंखाच्या मधोमध कोरडा पट्टा राहून जातो. जिथे ताण सर्वाधिक येणार, तिथेच ही पद्धत सर्वाधिक हट्टी ठरते.

दोन्हींत सारखा असलेला एक धोका रॉकेटच्या मुख्य नळीचा आहे. पुठ्ठ्याची किंवा फिनॉलिक (रेझिनने कडक केलेल्या कागदाची) नळी दोन्ही टोके झाकून पूर्णपणे पिशवीत घातली, तर तिच्या आतली हवाही निघून जाते आणि बाहेरचा दाब तिला चेपू शकतो. पिशवी नळीच्या बाहेरच्या भिंतीवर सील करून आतला भाग मोकळ्या हवेत ठेवला, तर दोन्ही बाजूंचे दाब समान राहतात आणि भिंतीवर भार येत नाही. पुठ्ठ्यातून मात्र हवा झिरपते, म्हणून तो आधी इपॉक्सीने सील करून घ्यावा.

घरच्या कार्यशाळेत, एसी दुरुस्तीवाले वापरतात तशा पंपावर, तीन-चार पंखांच्या शेपटीसाठी मी निःशंकपणे बॅगिंगचीच शिफारस करेन. इन्फ्युजन शोभते ते साच्यातल्या कामाला: नाकाच्या शंकूचे दोन अर्धे, मोठे सपाट पॅनेल, किंवा तोच भाग पुन्हा पुन्हा करायचा असेल तेव्हा. भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे काही संघ अमेरिकेतल्या आंतरमहाविद्यालयीन रॉकेट स्पर्धेत उतरतात. अशा संघांना साचा करण्याचा खर्च परवडू शकतो, एकट्याने एक रॉकेट बांधणाऱ्याला तो सहसा परवडत नाही. आणि नळी स्वतःच कापड गुंडाळून तयार करायची असेल, तर दोन्ही पद्धती बाजूला ठेवाव्यात. दाबाखाली थर आवळले की परिघ कमी होतो आणि जादा कापडाच्या सुरकुत्या लांबीभर उभ्या राहतात. त्या कामाला तापवल्यावर आकसणारी टेपच योग्य.