होम ऑटोमेशनचा सर्व्हर : नेटवर्क आणि वीजबचतीची पार्श्वभूमी

दिवे, पंखे, गीझर आणि पाण्याची मोटर यांवर देखरेख ठेवणारा सर्व्हर वीज गेल्यावरही चालू राहिला पाहिजे, ही नाशिककरांची अपेक्षा भारनियमनाच्या वर्षांतून आलेली आहे. शहराला लागून असलेल्या एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच असले, तरी २००५ नंतरची काही वर्षे नाशिकच्या वस्त्यांनी रोजचे भारनियमन सोसले आणि त्याच काळात घरोघरी इन्व्हर्टर बसले. त्यामुळे येथे सर्व्हरची वीज मोजण्याचे पहिले माप मीटरचे युनिट नव्हते, तर बॅटरी किती तास पुरते हे होते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात; जुना ६० वॅटचा डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालवला, तर सहा तासांत तो त्यातील ३६० वॅट-तास, म्हणजे पाचवा हिस्सा, एकटाच संपवतो, आणि पंखे व दिवे अजून हिशेबात धरलेलेच नाहीत. महिन्याच्या बिलात ही बाब सहज नजरेआड होते. मात्र वर्षाला ८,७६० तास धरले, तर सतत चालणारा प्रत्येक वॅट पावणेनऊ युनिट घेतो आणि हाच डेस्कटॉप सव्वापाचशे युनिटांपर्यंत जातो.

होम ऑटोमेशनचा आरंभ साधारणपणे १९७५ मध्ये मानला जातो. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्सने त्या वर्षी एक्स-१० ही पद्धत तयार केली. घरातील विजेच्या तारांवरूनच १२० किलोहर्ट्झचे संकेत पाठवायचे, तेही विजेची लहर शून्यावरून जाते त्या क्षणी, अशी तिची रचना होती. १६ गृहसंकेत आणि प्रत्येकाखाली १६ उपकरणे, म्हणजे एकूण २५६ पत्ते उपलब्ध होते. एक आज्ञा पोहोचायला जवळजवळ एक सेकंद लागे आणि मूळ पद्धतीत ती पोहोचल्याची पोचही मिळत नसे. तरीही पुढे अर्धशतक टिकून राहिलेला एक प्रश्न तिच्यातच होता: आज्ञा केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने ती ऐकण्यासाठी प्रत्येक उपकरणाला चोवीस तास जागे राहावे लागते. माझ्या मते या क्षेत्रातील नेटवर्क आणि वीजबचत यांचा इतिहास वेगवेगळा सांगताच येत नाही, कारण दोन्हीकडे मूळ मुद्दा एकच आहे, तो म्हणजे कोणी जागे राहायचे आणि कोणी झोपायचे.

बंद दिसणारी उपकरणेही वीज घेतात, याकडे जगाचे लक्ष नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गेले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ॲलन मायर यांनी प्रत्येक उपकरणाचा स्टँडबाय वापर एका वॅटपर्यंत खाली आणण्याची कल्पना मांडली आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये ती उचलून धरली. संगणकात झोपेच्या अवस्थांची समान भाषा १९९६ च्या एसीपीआय मानकाने आणली होती. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत मात्र प्रोसेसरला काम नसतानाही घड्याळाचे ठोके सेकंदाला शेकडो वेळा उठवत राहात. २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीने हे अनावश्यक ठोके थांबवले आणि त्याच वर्षी इंटेलने प्रसिद्ध केलेल्या पॉवरटॉप या साधनाने कोणता प्रोग्राम प्रोसेसरला किती वेळा उठवतो हे उघडपणे दाखवले. घरच्या सर्व्हरच्या वीजबचतीची खरी सुरुवात मी येथून धरतो, कारण वीज कोण खाते हे दिसल्याशिवाय ती वाचवता येत नाही.

उठवणारा प्रोग्राम पुष्कळदा ऑटोमेशनचाच असे. दर दोन-चार सेकंदांनी प्रत्येक उपकरणाला ‘तू चालू आहेस का’ असे विचारत राहण्याची जुनी पद्धत सर्व्हरचा प्रोसेसर, नेटवर्क आणि समोरचे उपकरण या तिघांनाही जागे ठेवते. यावरचा तोडगा तेलवाहिन्यांच्या देखरेखीतून आला. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी महागड्या उपग्रह जोडणीवर कमीत कमी बाइट खर्च व्हावेत म्हणून एमक्यूटीटी हा निरोपांच्या देवाणघेवाणीचा प्रोटोकॉल बांधला. त्यातील निरोपाच्या सुरुवातीचा शीर्षभाग कमीत कमी अवघा दोन बाइटांचा असतो आणि ज्याला ज्या विषयात रस आहे, त्याला बदल झाला तरच निरोप मिळतो. २०१४ मध्ये ओएसिस संस्थेने त्याला मानक म्हणून मान्यता दिली, तेव्हा ओपनहॅब (२०१०) आणि होम असिस्टंट (२०१३) ही होम ऑटोमेशनची मुक्त सॉफ्टवेअरे वाढत होती. त्यांना घरातल्या घरात चालणारी ही हलकी टपालव्यवस्था आयतीच मिळाली.

सर्व्हरचे यंत्र त्याच सुमारास बदलले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आलेला रास्पबेरी पाय हा एकाच छोट्या बोर्डवरचा संगणक तीन वॅटांच्या आसपास चालत असल्याने ६० वॅटच्या डेस्कटॉपचे काम विसाव्या हिश्श्याच्या विजेत होऊ लागले. त्याचे इथरनेट, म्हणजे तारेचे नेटवर्क, यूएसबीच्या मार्गाने जात असे आणि २०१३ मध्ये इथरनेटचा भाग वगळून आलेले मॉडेल ए बरीच कमी वीज घेई, यावरून नेटवर्कचा वाटा किती मोठा होता हे लक्षात येते. यंत्राला पूर्ण वेगाचे स्वतंत्र गिगाबिट इथरनेट २०१९ च्या चौथ्या पिढीत मिळाले. गिगाबिट जोडणी माहिती नसतानाही दोन्ही टोकांनी सतत संकेत पाठवत राहते. २०१० च्या ८०२.३एझेड मानकाने रिकाम्या वेळी त्या जोडणीला डुलकी घेण्याची सोय दिली, पण त्यासाठी सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच दोघांनीही ते मानक पाळावे लागते. ऑटोमेशनचे निरोप काही बाइटांचे असतात, म्हणून कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच यंत्रावर साठवले जात नसेल, तर पोर्ट १०० मेगाबिटवर बांधून ठेवणे मला योग्य वाटते.

यानंतर विजेचा भार सर्व्हरवरून भिंतींतल्या उपकरणांवर सरकला. २०१४ मध्ये एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही स्वस्त वाय-फाय चिप आली आणि स्विचबोर्डामागे मावणारी, आज्ञेवर दिवा-पंखा चालू-बंद करणारी रिले मॉड्यूल वायरमनच्या पिशवीत दिसू लागली. आपल्याकडे बोर्डातच सॉकेट असल्याने मॉड्यूलला स्वतःच्या विजेसाठी लागणारी न्यूट्रल तार बहुधा तेथे मिळते; ज्या देशांत ती बोर्डापर्यंत येत नाही, तेथील अडचण आपल्या वाट्याला आली नाही. ही चिप गाढ झोपेत सुमारे २० मायक्रोअँपिअर घेते, तर सतत ऐकत असताना ७० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे तीन हजार पटींहून अधिक. दिव्याच्या रिलेला आज्ञा कधीही येऊ शकत असल्याने गाढ झोप परवडत नाही. प्रत्येक मॉड्यूल पाऊण वॅट घेते असे धरले, तर इंदिरानगरातील किंवा पाथर्डी फाट्यावरील फ्लॅटमधली बारा मॉड्यूल मिळून नऊ वॅट घेतात, जे तीन वॅटच्या सर्व्हरच्या तिप्पट आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरांसाठी म्हणूनच झिगबी हे कमी विजेचे बिनतारी जाळे उपयोगी ठरले. २००३ च्या ८०२.१५.४ मानकावर उभ्या असलेल्या या जाळ्यात विजेवर चालणारी उपकरणे झोपलेल्या सेन्सरांचे निरोप थोडा वेळ सांभाळून ठेवतात आणि एकमेकांना पुढेही देतात. पंचवटीतील किंवा सराफ बाजारालगतच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून एका राऊटरचे वाय-फाय मागच्या सोप्यापर्यंत पोहोचत नाही, तेथे ही हातोहात पद्धत मोठा आधार देते. वाय-फाय आणि झिगबी या दोन्ही यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. वाय-फाय १, ६ आणि ११ या चॅनेलांवर असेल, तर त्यांच्या फटीत बसणारे झिगबीचे १५, २०, २५ किंवा २६ हे चॅनेल निवडावे लागते. यूएसबी ३ पोर्टचा गोंगाटही याच पट्ट्यात पसरतो हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले असल्याने झिगबीचे संकेत घेणारी यूएसबी काडी सर्व्हरला थेट न खोचता छोट्या एक्स्टेन्शन वायरने दूर ठेवली जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या, घरगुती स्मार्ट उपकरणांसाठीच्या मॅटर मानकाने आणि त्याखालच्या थ्रेड जाळ्याने झोपणाऱ्या उपकरणांची हीच कल्पना इंटरनेटच्या आयपी पत्त्यांच्या जगात आणली आहे.

भारनियमन मागे पडले तरी वळवाच्या पावसात आणि देखभालीच्या दिवशी वीज जातेच. आता तीन वॅटच्या सर्व्हरसाठी इन्व्हर्टर चालू ठेवला, तर स्वतः इन्व्हर्टरच रिकामा चालताना त्याहून अधिक वीज घेतो. यामुळे फायबरचा राऊटर आणि सर्व्हर यांना २३० व्होल्टचा फेरा न घालता बॅटरीतून थेट डीसी वीज देणाऱ्या छोट्या यूपीएसवर ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. राऊटरला थेट १२ व्होल्ट मिळतात आणि रास्पबेरी पायसाठी मध्ये ५ व्होल्टचा कन्व्हर्टर लागतो.