काचेवर ग्लास, खाली पिनबॉल

उन्हाळ्याच्या सुट्टीतलं बॅगाटेल आठवतंय का? लाकडी बोर्ड, खिळ्यांचे गोल, उजवीकडे स्प्रिंगचा दट्ट्या, आणि छरे, जे सुट्टी संपेपर्यंत निम्मे कपाटाखाली गेलेले असायचे. पिनबॉल त्याच खानदानातलं. मूळ खेळ १८व्या शतकातला, फ्रान्सचा, तेव्हा गोळी बिलियर्ड्ससारखी काठीने ढकलायचे. स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट १८७१ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने घेतलं, म्हणजे आपण घरी जे खेळलो ते त्याचंच म्हणायचं.

हे सगळं आठवायचं कारण, आमच्या एका मित्राने जुनं कॉकटेल-टेबल पिनबॉल घेतलंय, बंद पडलेलं. आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो, आणि शिकागो म्हणजे पिनबॉलचं माहेरच, गॉटलिब, बॅली, विल्यम्स ह्या मशिन्स बनवणाऱ्या कंपन्या सगळ्या इथल्याच. पण येणारा प्रत्येक जण विचारतो की हे टीपॉयसारखं काय आहे, ह्याला तो मागचा उभा लाइटवाला बोर्ड का नाही?

गंमत म्हणजे सुरुवातीला तो बोर्ड कुणालाच नव्हता. १९३१ ला डेव्हिड गॉटलिबने बॅफल बॉल आणला तो बारच्या काउंटरवर मावेल एवढा डबा होता, ना वीज ना फ्लिपर (बटण दाबून गोळी परत वर उडवायच्या त्या छोट्या दांड्या). मंदीचे दिवस, एका सेंटमध्ये टाइमपास, धडाधड खपला. पुढे पाय आले, वीज आली, आणि मग जिंकलं की पैसे देणारी मशिन्स आली, तिथे सगळं बिघडलं. फ्लिपर नव्हते ना तेव्हा, गोळी सोडली की बघत बसायचं, मग हा जुगार नाही तर काय? न्यूयॉर्कचा महापौर ला ग्वार्डिया तर हात धुऊन मागे लागला, १९४२ मध्ये बंदी, पोलिसांनी मशिन्स जप्त करून घणाने फोडली. फ्लिपर आले १९४७ ला, गॉटलिबच्या हम्प्टी डम्प्टीवर, पण बदनामी चिकटली ती चिकटलीच. न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ उजाडलं. तेव्हा रॉजर शार्प ह्या पिनबॉलवेड्या लेखकाने नगर परिषदेच्या समितीसमोर मशीनवर खेळून दाखवलं, आता गोळी मधल्या लेनमधून जाणार असं आधी सांगून दट्ट्या सोडला आणि गेली की हो तिथूनच. नशीब जोरावर होतं असं तो स्वतःच नंतर सांगायचा म्हणा.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडली आणि माझ्या मते कॉकटेल टेबलच्या बाबतीत तीच जास्त महत्त्वाची. तोवर पिनबॉलच्या पोटात रिलेंचं (विजेवर हलणाऱ्या स्विचचं) जंगल असायचं, स्कोअरची चाकं, फिरणारी मोटर, किलोमीटरभर वायर, आणि त्यातलं बरंच काही त्या मागच्या उभ्या पेटीत. १९७५ नंतर मायक्रोप्रोसेसर आला आणि ते जंगल दोन-चार सर्किट बोर्डांवर आलं. मागची पेटी गेली तरी चालेल अशी सोय झाली. मग काय, पाय तोडा, वर सपाट काच टाका, बाजूला खुर्च्या, झालं कॉकटेल टेबल, हॉटेलच्या लाउंजमध्ये ठेवा, कुणी जुगारी म्हणणार नाही. १९७७ मध्ये फॅसिनेशन कंपनीने रॉय क्लार्क ह्या कंट्री गायकाच्या नावाचंच टेबल काढलं. मग शिकागोजवळच्या अ‍ॅडिसनची गेम प्लॅन आली, तिची सुरुवातच कॉकटेल टेबलांनी, एक ब्लॅक व्हेल्व्हेट व्हिस्कीच्या नावाने, एक कॅमल लाइट्स सिगरेटच्या. बारमध्ये बसून दारूच्या जाहिरातीवर गोळी खेळायची, कल्पना वाईट नव्हती.

पण गोळीला उतार लागतो. ग्लास ठेवायची काच सपाट हवी आणि खालचं प्लेफील्ड, म्हणजे गोळी फिरते तो पृष्ठभाग, तिरकं, आणि टेबल तर बुटकं, मग उतार द्यायचा किती? त्यामुळे गोळी जरा आळशी चालते. शिवाय पिनबॉलची अर्धी मजा मशीनला कंबरेने ढुश्या देण्यात, ते बसून जमत नाही (आणि जमलं तरी वरची बिअर सांडेल). त्यात १९७८ ला जपानमध्ये टायटो कंपनीचं स्पेस इन्व्हेडर्स हे व्हिडिओ गेम आलं, तेही कॉफीशॉपच्या टेबलांत. व्हिडिओला उतार लागत नाही, समोरासमोर दोघं बसले तरी चित्र उलटं करता येतं. पिनबॉलमध्ये गुरुत्वाकर्षण कसं उलटवणार? गेम प्लॅननेही १९७९ ला उभं मशीन काढलंच, शार्पशूटर, आणि त्याचं डिझाइन त्याच रॉजर शार्पचं. पुढे १९८९ मध्ये गॉटलिबने कॅरिबियन क्रूझ नावाचं एक टेबल काढलं, पण तोवर हौस सरली होती.

आता मित्राचं टेबल. खालून उघडलं तर बोर्डाच्या कोपऱ्यात हिरवी-निळी बुरशी धरल्यासारखं. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी थेट सोल्डर केलेली असायची, मशीन बंद असताना हाय स्कोअर आणि सेटिंग्ज लक्षात राहावीत म्हणून. ती गळते, आणि गळलेलं पाणी तांब्याच्या रेषा खात खात चिपच्या सॉकेटखाली शिरतं. ज्या बोर्डामुळे टेबल एवढं बुटकं झालं तोच असा आतून खलास. आम्ही बॅटरी कापून काढली, डाग अल्कलाइन म्हणून आधी पांढरं व्हिनेगर, टूथब्रश, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन दिवस वाळवलं. तीन रेषा पार गेल्या होत्या तिथे बारीक वायर जोडली, सॉकेट बदलले. नवीन बॅटरी म्हणून बटण सेल वायर लावून लांब बसवला, मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकला, नाहीतर बोर्ड त्याला चार्ज करायला जातो आणि ते सेल चार्ज व्हायचे नसतात.

रबर रिंग सगळ्या नव्या, प्लेफील्डला कार्नोबा वॅक्स. वॅक्सने गोळीचा आळस बराच गेला. परवा चालू केलं, तिसऱ्या बॉलला वहिनींनी सवयीने चहाचा कप काचेवर ठेवला, नेमका डाव्या फ्लिपरच्या वर, आणि गोळी कपाखालून कुठे गेली ते दिसलंच नाही.